कोकणातल्या व्यवसायाची वेबसाइट ताजी कशी ठेवावी: गूगलमध्ये कशाने फरक पडतो आणि कशाने नाही

आठवड्याला एक लेख टाकला की वेबसाइट गूगलमध्ये वर येते, असं होमस्टे, खानावळ, आंबा-काजूचा धंदा चालवणाऱ्या बहुतेकांना कुणी ना कुणी सांगितलेलं असतं. मग 'निसर्गरम्य कोकण' या धर्तीचे वीस-पंचवीस लेख चढतात. ते कुणी वाचत नाही, आणि त्याच साइटवर खोल्यांचे दर मात्र दोन वर्षांपूर्वीचे राहतात. कामाचा क्रम नेमका उलटा हवा: आधी चुकीची झालेली माहिती दुरुस्त करायची, मग नवं लिहायचं.

गूगलचं स्वतःचं मार्गदर्शन याबाबत स्पष्ट आहे. साइट ताजी दिसावी एवढ्यासाठी ढीगभर मजकूर घातला किंवा जुना काढून टाकला, तर साइटचं एकूण स्थान सुधारत नाही. मजकुरात खरा बदल न करता पानावरची तारीख पुढे सरकवणं हे तर तिथे धोक्याच्या लक्षणांत मोजलेलं आहे.

ताजेपणा कुठे चालतो

नियमित भर घातल्याने तीन गोष्टी खरोखर घडतात. पहिली: प्रत्येक नवं पान एका नव्या प्रश्नाला उत्तर देऊ शकतं. 'वेसवी-बागमांडला फेरीत बस जाते का' हा प्रश्न तुमच्या साइटवर कुठेच नसेल, तर त्या शोधात तुम्ही दिसणारच नाही. दुसरी: जे पान वारंवार आणि खरोखर बदलतं, त्याच्याकडे गूगलचा क्रॉलर (पानं वाचत फिरणारा प्रोग्राम) लवकर परत येतो, त्यामुळे पुढचे बदलही लवकर नोंदले जातात. तिसरी: काही शोधांसाठी गूगल मुद्दाम नवी पानं पसंत करतं. नोव्हेंबर २०११ मध्ये गूगलने यासाठी मोठा बदल केला, तेव्हा सुमारे ३५ टक्के शोधांवर त्याचा परिणाम होईल असं जाहीर केलं होतं. म्हणजे बाकीच्या शोधांना त्या बदलाचा स्पर्शही नव्हता.

म्हणून तुमच्या विषयांची आधी विभागणी करा. काही प्रश्नांचं उत्तर सतत बदलतं: हापूसच्या पेटीचा आजचा भाव, दाभोळ-धोपावे फेरीच्या वेळा, चिपी विमानतळावरून सध्या कुठे विमानं जातात. इथे जुनं पान मागे पडतं आणि पडायलाच हवं. काही प्रश्न दरवर्षी ठरावीक काळात उठतात: वेळास-आंजर्ल्याची कासवं, शिमग्याच्या पालख्या, गणपतीची गाडी. आणि काहींचं उत्तर वर्षानुवर्षं तेच असतं: उकडीच्या मोदकांना पीठ कसं मळावं, हापूस पेंढ्यात कसा पिकवावा. या तिसऱ्या प्रकारात दर महिन्याला पान ढवळून काही मिळत नाही. एकदा नीट लिहा आणि राहू द्या.

स्थिर विषयही कधी एका दिवसात बदलतो. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे किनाऱ्यावरचे चार किल्ले आहेत. हर्णै किंवा मालवणातल्या ज्या साइटवर या किल्ल्यांची माहिती आहे आणि ही नोंद नाही, ते पान त्या दिवसापासून अपुरं आहे. अशा वेळी नवी बातमी लिहिण्यापेक्षा किल्ल्याच्या मूळ पानातच दोन परिच्छेद घालावेत. मूळ पानाला आधीच इतर साइटवरून दुवे असतात, त्यांचा फायदा तिथेच राहतो.

आधी साइटवर काय आहे ते पाहा

गूगल सर्च कन्सोल (तुमची साइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) मोफत आहे आणि त्याशिवाय हे काम अंदाजाने होतं. साइटची मालकी सिद्ध करून तो जोडून घ्या. 'परफॉर्मन्स' अहवालात मागच्या १६ महिन्यांपर्यंतचे आकडे मिळतात. पण जोडण्यापूर्वीचे फारसे मिळत नाहीत, म्हणून साइट नवी असली तरी हे आजच करावं.

अहवालात पूर्ण १६ महिने निवडा, 'पेजेस' वर जा आणि यादी स्प्रेडशीटमध्ये उतरवा. प्रत्येक पानापुढे चार गोष्टी लिहा: पान कोणत्या प्रश्नासाठी आहे, किती वेळा दिसलं, सरासरी स्थान काय, आणि त्यातली कोणती माहिती बदलणारी आहे. दर, वेळा, फोन, रस्ता, चालू-बंद हे सगळं चौथ्या रकान्यात येतं. हा रकाना भरताना बहुतेकांना स्वतःच्या साइटवर किमान एक बंद पडलेला फोन नंबर सापडतो.

आता ज्या पानांचं सरासरी स्थान ८ ते २० च्या दरम्यान आहे आणि जी बऱ्याचदा दिसतात, ती वेगळी काढा. पहिलं काम याच पानांवर करायचं. गूगलने त्यांना त्या प्रश्नासाठी आधीच ओळखलेलं आहे, फक्त वरच्या पानांपेक्षा ती कमी पडतात. पानावर क्लिक करून 'क्वेरीज' पाहा. लोक ज्या शब्दांत विचारतात त्यांतल्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर पानात नाही, ते तिथे उघड दिसतं. तारकर्लीच्या होमस्टेच्या पानावर लोक 'कुडाळ स्टेशनवरून किती अंतर' हे शोधत येत असतील आणि पानावर कुडाळचा उल्लेखच नसेल, तर नव्या लेखाआधी ती ओळ घाला.

पत्ता एकच ठेवा

सगळ्यात जास्त नुकसान करणारी सवय म्हणजे दरवर्षी नवं पान उघडणं. 'हापूस भाव २०२४', 'हापूस भाव २०२५', 'हापूस भाव २०२६' अशी तीन पानं झाली की ती एकमेकांशीच स्पर्धा करतात. जुन्या पानाला दुवे जास्त असल्याने कित्येकदा तेच वर दिसतं, आणि गिऱ्हाईक दोन वर्षांपूर्वीचा भाव वाचून फोन करतं.

हापूसच्या भावासाठी एकच पान असू द्या आणि पानाच्या पत्त्यात साल घालू नका. साल शीर्षकात आणि मजकुरात येऊ द्या, ते दरवर्षी बदला. आधीच अनेक पानं झाली असतील तर त्यांतला उपयोगी मजकूर एका पानात आणा आणि बाकीच्या पत्त्यांवरून ३०१ प्रकारचं कायमचं रीडायरेक्ट (जुना पत्ता उघडला की आपोआप नव्या पानावर नेणारं वळण) लावा. ते थेट त्या पानावर जावं. सगळं मुख्य पानावर वळवलं तर जुन्या पानांनी कमावलेलं फुकट जाऊ शकतं, कारण असंबद्ध वळण गूगल हरवलेल्या पानासारखं धरतं.

हंगाम संपल्यावर पान काढून टाकू नका. जूनमध्ये 'यंदाचा आंबा संपला' असं वरच ठळक लिहा, पुढच्या वर्षीची नोंदणी कधी सुरू होते ते सांगा, आणि दराचा जुना तक्ता 'मागच्या हंगामातले दर' या मथळ्याखाली खाली सरकवा. पान काही महिने नाहीसं झालं तर ते इंडेक्समधून (गूगलच्या पानांच्या नोंदवहीतून) गळतं, आणि जानेवारीत परत आणल्यावर पुन्हा रुळायला हंगामाचा पहिला, सगळ्यात कमाईचा भाग निघून जातो.

पान केव्हा तयार हवं

नवं पान किंवा बदल गूगलमध्ये दिसायला काही तासांपासून काही आठवडे लागू शकतात, आणि स्थान स्थिर व्हायला त्याहून जास्त. म्हणून गर्दीच्या काळाच्या आठ-दहा आठवडे आधी पान तयार असावं, असा हिशेब धरा.

कोकणात हा हिशेब बराचसा नेमका मांडता येतो. रेल्वेच्या आगाऊ आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. चतुर्थी सप्टेंबरच्या मध्यावर असेल, तर तिकिटं जुलैच्या मध्याला खुली होतात आणि 'गणपतीला गावी कसं जायचं' हे शोधणं त्याआधीच सुरू होतं. हे पान मेच्या मध्यापर्यंत दुरुस्त होऊन पडलेलं हवं. (अजूनही 'चार महिने आधी तिकीट काढा' असं सांगणारी पानं आहेत. तुमचं त्यांत नाही ना, ते पाहून घ्या.) याच पानावर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागू असतं याची आठवण द्या. त्याच्या तारखा दरवर्षी अधिकृत घोषणेवरूनच भरा, मागच्या वर्षीच्या उचलू नका.

आंब्याचं पान डिसेंबर-जानेवारीत, मोहोर टिकल्याचा अंदाज आल्यावर बदला. बागेतल्या मोहोराचा त्या वर्षीचा फोटो आणि 'पहिली तोडणी साधारण कधी' ही एक ओळ पुरते. कासवांचं पानही जानेवारीत. पिल्लं कधी बाहेर पडतील ते घरट्यांवर अवलंबून असतं, म्हणून पक्क्या तारखेचं आश्वासन देऊ नका. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात तेच पान आठवड्याला बदलत राहा. आठवड्याला बदल करण्यात जिथे खरोखर अर्थ आहे, अशा थोड्या पानांपैकी हे आहे.

पावसाळ्यात तारकर्लीचं स्कुबा आणि मालवणहून सिंधुदुर्गाला जाणाऱ्या होड्या बंद असतात, मुरूडचा जंजिराही पाहता येत नाही. हे लिहायला व्यावसायिक कचरतात, बुकिंग जाईल म्हणून. पण 'जुलैत स्कुबा चालू असतं का' हा खरा प्रश्न आहे. त्याला 'नाही, पण पावसाळ्यात इथे हे पाहता येतं' असं सरळ उत्तर देणारं पान विश्वास मिळवतं आणि शोधातही टिकतं. गूगल बिझनेस प्रोफाइलवरही (गूगलच्या नकाशात दिसणारी तुमच्या धंद्याची नोंद) वेळा त्याच दिवशी बदला. पूर्ण बंद असाल तर 'तात्पुरते बंद' अशी खूण करा आणि उघडताना काढायला विसरू नका. साइटवर एक वेळ, नकाशावर दुसरी आणि फेसबुकवर तिसरी असली, तर गिऱ्हाईक शेजारच्याला फोन करतं.

खरा बदल कसा करायचा

फेरीबोटीच्या पानाचं उदाहरण घेऊ. प्रथम जेटीवर किंवा चालकांकडे चौकशी करून वेळा आणि दर ताडून पाहा. पहिल्या दोन-तीन ओळींत उत्तर द्या: पहिली फेरी, शेवटची फेरी, गाडीचा दर. त्याखाली 'ही माहिती अमुक तारखेला तपासली' अशी ओळ. मग तक्ता. मग न बदलणारी माहिती: दोन्ही तीरांचे रस्ते, रस्त्याने वळसा घेतला तर किती किलोमीटर वाढतात, मोठी गाडी चढते का.

दरपत्रक फोटो म्हणून टाकू नका. व्हॉट्सॲपसाठी केलेली रंगीत जाहिरात तशीच साइटवर चढवली की त्यातले दर, खोल्या, जेवणाची यादी हे सगळं गूगलसाठी जवळपास नसल्यात जमा होतं, आणि दर बदलला की नवं चित्र करायचा कंटाळा येतो. तक्ता अक्षरांत लिहा. तसंच छापखान्यातून आलेला जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर आधी युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतात) बदलून घ्या. पडद्यावर तो मराठी दिसला, तरी आत निरर्थक रोमन अक्षरं असतात आणि शोधणाऱ्याच्या शब्दांशी ती कधीच जुळत नाहीत.

तारखांबाबत शिस्त हवी. वाचकाला दिसणारी 'अद्ययावत' तारीख, स्ट्रक्चर्ड डेटामधली (गूगलसाठी पानाच्या कोडात दिलेल्या माहितीतली) बदलाची तारीख आणि साइटमॅपमधला (सर्च इंजिनांसाठीच्या पानांच्या यादीतला) लास्टमॉड, म्हणजे शेवटच्या बदलाची तारीख, या तिन्ही एकच गोष्ट सांगायला हव्यात. गूगल साइटमॅपमधला लास्टमॉड वापरतं, पण तो सातत्याने खरा आढळला तरच. किती वेळा बदलतं आणि महत्त्व किती, हे साइटमॅपमधले दुसरे दोन रकाने गूगल बघतच नाही, त्यांवर वेळ घालवू नका. वर्डप्रेसमध्ये (साइट चालवण्याची प्रचलित प्रणाली) पान उघडून नुसतं 'अपडेट' दाबलं तरी बदलाची तारीख पुढे जाते. ऱ्हस्व-दीर्घ सुधारताना ती जाऊ नये यासाठी काही एसईओ प्लगइनमध्ये (शोधात वर येण्यासाठी साइटला जोडायच्या छोट्या प्रोग्रामांत) सोय असते, ती शोधून वापरा. कॅशे प्लगइन असेल तर बदलानंतर कॅशे (पानांच्या साठवून ठेवलेल्या प्रती) रिकामा करा. नाहीतर तुम्हाला नवा दर दिसतो आणि बाहेरच्यांना जुनाच.

मग सर्च कन्सोलच्या 'यूआरएल इन्स्पेक्शन' मध्ये पत्ता टाकून 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग' करा, एकदाच. पुन्हा पुन्हा दाबल्याने रांग पुढे सरकत नाही, आणि रोजची मर्यादाही आहे. बिंग या दुसऱ्या सर्च इंजिनसाठी बदल लगेच कळवणारी इंडेक्सनाऊ ही सोय आहे, ती प्लगइनमधून चालू करता येते. गूगल ती वापरत नाही.

नवी पानं किती आणि कसली

सात-आठ खोल्यांच्या होमस्टेला महिन्याला एक चांगलं पान पुष्कळ झालं. विषयासाठी डोकं खाजवण्याची गरज नाही: फोनवर आणि व्हॉट्सॲपवर जो प्रश्न वरचेवर येतो, तोच विषय. 'आजीला पायऱ्या चढता येत नाहीत, समुद्रापर्यंत सपाट वाट आहे का', 'जून-जुलैत बोटी बंद असताना ताजी मासळी मिळते का', 'गुहागरहून गणपतीपुळ्याला जयगड-तवसाळ फेरीने किती वेळ वाचतो'. असे प्रश्न मुंबई-पुण्यात बसून लिहिणाऱ्याला सुचत नाहीत, आणि तुमची बाजू तिथेच भक्कम आहे.

शब्दसंख्येचा नियम नाही. गूगलला अमुक इतके शब्द आवडतात हा समज खोटा आहे. तीनशे शब्दांत उत्तर पुरं होत असेल, तर तिथेच थांबा. फोटो स्वतःचे घ्या, पण फोनमधली पाच-सहा एमबीची फाइल तशीच चढवू नका. रुंदी सुमारे १६०० पिक्सेल, वेबपी प्रकार (फोटोची हलकी फाइल), आकार दोनशे केबीच्या आसपास असू द्या. घाटात आणि खाडीकाठी नेटवर्क कमकुवत असतं, आणि पानाचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा हा गूगलचा निकष आहे. सर्वांत वरच्या फोटोला लेझी लोडिंग (वाचक तिथे पोचेपर्यंत फोटो न उतरवण्याची सोय) लावू नका, त्याने तोच उशिरा येतो.

पान चढवल्यावर जुन्या दोन-तीन पानांतून त्याला दुवा द्या, आणि दुव्याचे शब्द 'इथे वाचा' असे न ठेवता 'जयगड-तवसाळ फेरीच्या वेळा' असे अर्थाचे ठेवा. कुठूनच दुवा नसलेलं पान क्रॉलरला उशिरा सापडतं आणि बिनमहत्त्वाचं वाटतं.

मराठी आणि इंग्रजी मजकूर एका पानात मिसळू नका. दोन वेगळी पानं, दोन पत्ते आणि त्यांना जोडणारी एचरेफलँगची खूण (कोणतं पान कोणत्या भाषेतलं ते गूगलला सांगणारी) असावी. लोक मराठी प्रश्नही पुष्कळदा रोमन लिपीत टाइप करतात. तुमच्याकडे प्रमाण काय आहे ते 'क्वेरीज' मध्ये पाहून ठरवा. गणपतीपुळे-गणपतिपुळे, हर्णै-हर्णे अशी रूपं असतील तर एक मुख्य ठेवून दुसरं मजकुरात एकदा सहज येऊ द्या.

एक मोह मात्र टाळाच: एकच मजकूर घेऊन त्यात गावाचं नाव बदलत दापोली, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी अशी पन्नास पानं करणं. गूगलच्या धोरणात ही 'डोअरवे' पानं ठरतात. मार्च २०२४ पासून मोठ्या संख्येने निर्माण केलेल्या निरुपयोगी मजकुराविरुद्ध वेगळा नियमही आहे, मग तो माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने. फटका त्या पन्नास पानांपुरता राहत नाही, चांगली पानंही खाली जाऊ शकतात.

पान गूगलमध्ये येतच नाही तेव्हा

सर्च कन्सोलमध्ये 'डिस्कव्हर्ड, सध्या इंडेक्स नाही' दिसलं, तर गूगलला पत्ता कळला आहे, पण ते अजून आलेलं नाही. आतून दुवे वाढवा, सर्व्हर मंद आहे का ते तपासा, थांबा. 'क्रॉल्ड, सध्या इंडेक्स नाही' म्हणजे गूगल येऊन वाचून गेलं आणि ठेवण्याजोगं वाटलं नाही. इथे पुन्हा विनंती करून उपयोग नाही. पानात दुसरीकडे नसलेली माहिती घाला किंवा ते दुसऱ्या पानात विलीन करा. पूर्ण साइटच दिसत नसेल, तर वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' खाली सर्च इंजिनांना रोखणारी चौकट टिक केलेली आहे का पाहा. साइट बनवताना ती टिक केली जाते आणि काढायची राहते.

क्रॉल बजेट (गूगल तुमच्या साइटची किती पानं वाचेल ती मर्यादा) वाढवून देतो म्हणून कुणी पैसे मागत असेल, तर देऊ नका. गूगलच्या सांगण्यानुसार तो विषय लाखो पानांच्या किंवा रोज हजारो पानं बदलणाऱ्या साइटचा आहे, चाळीस पानांच्या नाही.

आकडे वाचताना

बदल केल्यावर तारीख आणि काय बदललं ते स्प्रेडशीटमध्ये टिपा, आणि किमान चार ते सहा आठवडे त्या पानाला पुन्हा हात लावू नका. दर, वेळ किंवा कासवांसारखी आठवड्याची माहिती बदलली तर अर्थातच तेवढं लगेच सुधारा.

तुलना मागच्या महिन्याशी न करता मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. आंब्याच्या साइटचे क्लिक जूनमध्ये कोसळणारच. पान किती वेळा दिसलं ते घटलं आणि सरासरी स्थान तेच राहिलं, तर लोकांनी शोधणं कमी केलं एवढाच त्याचा अर्थ. स्थान घसरलं असेल, तर तोच शोध स्वतः करून वर आलेली पानं उघडा आणि त्यांत असलेलं काय तुमच्यात नाही ते लिहून काढा. स्थान चांगलं असून क्लिक होत नसतील, तर शीर्षक पाहा. पुष्कळदा त्यात मागचं साल राहिलेलं असतं. सणांच्या तारखा दरवर्षी पुढे-मागे होतात, म्हणून गणपती आणि शिमग्याच्या पानांसाठी महिना न घेता सणाआधीचे ६० दिवस दोन्ही वर्षांचे काढून समोरासमोर ठेवा.